अक्षराला क्रमांक कोण देते? : जोएल स्पोल्स्की यांच्या यूनिकोडविषयक निबंधाची चिकित्सा

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना
• स्पोल्स्की यांच्या २००३ च्या निबंधातील मुख्य मते आणि त्यांची मर्यादा सांगता येईल;
• बंगालीतील ‘खंड त’च्या उदाहरणावरून ‘अक्षर’ आणि ‘संकेतबिंदू’ यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• निरनिराळ्या प्रोग्रामिंग भाषा मजकुराची लांबी वेगवेगळी का सांगतात, हे समजेल;
• खुल्या मानकाचे ‘खुलेपण’ नेमके कशात असते, याचा विचार करता येईल.

१. प्रस्तावना

सत्यजित रे हे नाव कोलकात्यात बंगाली लिपीत कसे लिहितात, ते पाहण्यासारखे आहे. नावाच्या शेवटी साधा ‘त’ नसतो. तिथे एक वेगळे, शेपटी वळलेले चिन्ह येते. त्याला ‘खंड त’ म्हणतात. ज्या ‘त’मध्ये स्वर मिसळलेला नाही, असा तो त. आडनावाच्या शेवटी ‘य’खाली टिंब दिलेले अक्षर येते. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या नावातही ही दोन्ही चिन्हे आहेत, कारण बंगालीत त्यांचे नाव ‘शरत्’ आणि ‘चंद्र’ असे संधी न करता, मध्ये खंड त ठेवून लिहिले जाते.

बंगाली वाचकाला यात काही विशेष वाटत नाही. संगणकापुढे मात्र या दोन चिन्हांनी मोठा प्रश्न उभा केला. २००३ साली यूनिकोड या जागतिक मानकात खंड त या अक्षराला स्वतःचा क्रमांक नव्हता. त्याच वर्षी एका नामवंत प्रोग्रामरने जगभरच्या प्रोग्रामरांना उद्देशून एक निबंध लिहिला. जगातल्या प्रत्येक अक्षराला यूनिकोडने क्रमांक दिला आहे आणि त्यामागचे वाद मिटलेले आहेत, असे त्यात सांगितले होते. तो निबंध आजही शिकवला जातो, आणि शिकवण्यासारखा आहे. पण कोलकात्यात बसून वाचला की त्यातील एक वाक्य खटकते. या घटकात त्या वाक्याचाच विचार करायचा आहे.

२. निबंधाचे म्हणणे

जोएल स्पोल्स्की यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेलवर काम केले, २००० मध्ये फॉग क्रीक सॉफ्टवेअर ही कंपनी काढली आणि पुढे २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या स्थापनेत भाग घेतला. त्यांचा हा निबंध ऑक्टोबर २००३ चा. प्रत्येक प्रोग्रामरला यूनिकोडविषयी किमान काय माहीत असलेच पाहिजे, हा त्याचा विषय. आणि शीर्षकातच त्यांनी ‘सबब चालणार नाही’ अशी तंबी दिली आहे.

निमित्त घडले पीएचपी या वेबसाठी वापरल्या जाणाऱ्या भाषेचे. ती एका बाइटला एक अक्षर समजत होती आणि मजकूर कोणत्या संकेतप्रणालीत आहे याची तिला फिकीर नव्हती. यावर स्पोल्स्की संतापले. त्यांची मते थोडक्यात अशी :

(अ) ‘साधा मजकूर’ अशी गोष्ट नसते. संकेतप्रणाली सांगितली नसेल तर बाइटांच्या ओळीला काहीच अर्थ नाही.

(आ) यूनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सोळा बिट, हा गैरसमज आहे. यूनिकोड अक्षराला क्रमांक देते. तो क्रमांक साठवायचा कसा, हा वेगळा प्रश्न. यूटीएफ-८ हे त्याचे एक उत्तर.

(इ) वेबपानाने आपली संकेतप्रणाली सुरुवातीलाच जाहीर करावी, नाहीतर ब्राउझर अंदाज बांधत बसतो.

(ई) अक्षर ही एक आदर्श कल्पना आहे. कोणत्याही टंकातला ‘ए’ हा ‘ए’च असतो. आकाराचा फरक म्हणजे वेगळे अक्षर की नाही, यावर काही भाषांत वाद होतात. पण यूनिकोडच्या जाणकारांनी दहा वर्षे भांडून ते सोडवले आहेत, तुम्ही त्याची काळजी करू नका.

३. निबंधाचे बळ

पहिल्या तीन मतांना आजही धक्का लागलेला नाही. संकेतप्रणाली जाहीर केलेली नाही म्हणून पानावर प्रश्नचिन्हे आणि चौकोन उमटतात, हा अनुभव मराठी वाचकाला नवा नाही. आपल्याकडे तर दुखणे अधिक खोल होते. वर्षानुवर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांच्या खासगी संकेतांत टाइप होत राहिला. टंक बदलला की मजकुराचा कचरा होई. अशा परिस्थितीत ‘मजकूर आणि त्याचा संकेत वेगळे करता येत नाहीत’ हे ठणकावून सांगणारा निबंध उपकारकच ठरतो.

सोळा बिटांच्या गैरसमजाविषयीचा इशारा तर मराठीला थेट लागू पडतो. कोलकात्याजवळच्या श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरीत छापले गेले आणि १८१० मध्ये त्यांचा मराठी कोश मोडी टाईपात निघाला. त्या मोडी लिपीला यूनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. आणि ती जागा सोळा बिटांत मावणाऱ्या पट्ट्याच्या बाहेर आहे. त्यामुळे ‘मोडी’ हा शब्द मोडी लिपीत लिहून जावास्क्रिप्टला लांबी विचारली, तर चार संकेतबिंदू असूनही उत्तर आठ येते. जावास्क्रिप्टची रचना सोळा बिटांच्या काळातली, म्हणून ती बाहेरच्या प्रत्येक चिन्हाला दोन एकके मोजते. स्पोल्स्की यांचा इशारा इथे अक्षरशः खरा ठरतो.

तेव्हा चिकित्सा करायची ती चौथ्या मताची.

४. खंड त : न सुटलेला वाद

यूनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी आपल्याच इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली आहे. इस्कीमागची कल्पना सुंदर होती. ब्राह्मीपासून निघालेल्या साऱ्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, आकार तेवढे वेगळे. म्हणून सर्वांना एकच तक्ता पुरेल. या समांतर रचनेची खूण यूनिकोडमध्ये अजून दिसते. दशमान पद्धतीत देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, बंगाली ‘क’चा २४५३. फरक १२८. ‘ख’चा, ‘ग’चा फरकही तेवढाच.

पण समान तक्त्यात एक अडचण असते. ज्या चिन्हाला देवनागरीत जोडीदार नाही, त्याला तिथे आपोआप घर मिळत नाही. खंड तचे तसेच झाले. २००५ पूर्वी ते तीन तुकड्यांत लिहावे लागे : त, त्यानंतर हसंत म्हणजे आपला पायमोड, आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य जोडचिन्ह.

हे अदृश्य चिन्ह फार नाजूक. शोधयंत्रे, पत्ते आणि नावे साफसूफ करणारे प्रोग्राम त्याला बिनमहत्त्वाचे समजून टाकून देतात. २००३ च्या आंतरराष्ट्रीय डोमेन-नावांच्या नियमांतही ते गाळूनच टाकले जाई. ते गळाले की ‘शरत्’ आणि ‘चंद्र’ यांमधला खंड त नाहीसा होऊन त आणि च यांचे जोडाक्षर उरते. एका मोठ्या लेखकाचे नाव चुकीचे लिहिले जाते, आणि प्रोग्रामरच्या पडद्यावर चूक म्हणून काहीच दिसत नाही.

यावर बरीच चर्चा झाली. खंड त हा त-चाच एक आकार आहे की स्वतंत्र अक्षर, हाच मुद्दा होता. शेवटी मार्च २००५ मध्ये यूनिकोडच्या ४.१ आवृत्तीत त्याला २५१० हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. म्हणजे स्पोल्स्की ‘सगळे ठरून गेले आहे’ असे लिहीत होते, तेव्हा सत्यजित रे यांच्या नावातले शेवटचे अक्षर स्वतःच्या क्रमांकाची वाट पाहत होते. रे स्वतः अक्षररचनाकार होते. ‘रे रोमन’ नावाचा रोमन टंक त्यांनी घडवला. अक्षराची पारख असलेल्या माणसाच्या नावावरच ही वेळ यावी, हा योगायोग बोलका आहे.

५. विद्यासागरांनी काय ठरवले होते?

हा वाद संगणकाने आणलेला नाही. ईश्वरचंद्र विद्यासागर कोलकात्याच्या संस्कृत कॉलेजचे प्राचार्य असताना, १८५५ मध्ये, त्यांचे ‘वर्णपरिचय’ हे बालवाचन प्रसिद्ध झाले. त्याच्या निवेदनांत वर्णमाला कशी मांडली आणि का, याचा खुलासा आहे. वापरात नसलेले दीर्घ ॠ व दीर्घ ॡ त्यांनी काढून टाकले. टिंब असलेले ड, ढ आणि य हे तोवर ड, ढ, य यांतच धरले जात. त्यांचा आकार आणि उच्चार दोन्ही वेगळे, म्हणून विद्यासागरांनी त्यांना स्वतंत्र व्यंजने मानले. खंड तविषयी मात्र त्यांची भूमिका निराळी होती. तो त-चेच दुसरे ‘कलेवर’, असे ते म्हणतात. मराठीत कलेवर म्हटले की प्रेत डोळ्यांपुढे येते. बंगालीत त्याचा अर्थ नुसता देह. वर्ण एक, देह दोन.

आता हा निर्णय यूनिकोडशेजारी ठेवून पाहा. यूनिकोडमध्ये खंड त स्वतंत्र झाला. उलट टिंबवाल्या ड, ढ, य यांना क्रमांक असले, तरी एकरूपीकरणाच्या नियमांत ते फोडले जातात. एकरूपीकरण म्हणजे एकच मजकूर दोन प्रकारे लिहिता येत असेल, तर एक ठरलेले रूप निवडणे. वेबसाठी शिफारस केलेले जे रूप आहे, त्यात ‘टिंबवाला य’ या एका संकेतबिंदूचे ‘य’ आणि ‘नुक्ता’ असे दोन होतात, आणि पुन्हा एक होत नाहीत.

म्हणजे विद्यासागरांनी जे स्वतंत्र मानले ते यूनिकोडने फोडले. त्यांनी जे एकाच वर्णाचा दुसरा देह मानले ते यूनिकोडने स्वतंत्र केले. आरशातले प्रतिबिंब असावे तशी ही उलटापालट.

यात चूक कोणाची? कोणाचीच नाही, असे माझे मत आहे. विद्यासागरांपुढचा प्रश्न होता : मुलाला वाचायला शिकवताना काय वेगळे दाखवायचे? मानक करणाऱ्यांपुढचा प्रश्न होता : एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात मजकूर जाताना काय हरवता कामा नये? प्रश्न बदलला की अक्षराची व्याख्या बदलते. स्पोल्स्की यांच्या चौथ्या मताचे मर्मस्थान हेच आहे. कोणी शोधून क्रमांक द्यावा, असे अक्षर आधीपासून कुठे ठेवलेले नसते. कोणत्या कामासाठी मोजायचे ते आधी ठरते, अक्षर नंतर.

६. प्रोग्रामिंग भाषांची उत्तरे

प्रोग्रामिंग भाषेचे एखादे वैशिष्ट्य आपण तांत्रिक सोय समजतो. खरे तर ते रचनाकाराचे मत असते. मजकुराची लांबी मोजणे हे त्याचे उत्तम उदाहरण. बंगाली लिपीत ‘सत्यजित्’ लिहा आणि वेगवेगळ्या भाषांना लांबी विचारा.

गो भाषा २१ सांगते. ती यूटीएफ-८ मधले बाइट मोजते, आणि बंगालीच्या प्रत्येक संकेतबिंदूला तीन बाइट लागतात. गोच्या रचनाकारांपैकी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनीच १९९२ मध्ये यूटीएफ-८ तयार केले होते, हे लक्षात घेतले की त्यांचे मत कळते : मजकूर म्हणजे बाइट; अर्थ काय लावायचा तो वापरणाऱ्याने लावावा. पीएचपीचे मूळ लांबीचे फंक्शनही २१ च सांगते.

पायथन ३ सात सांगते. ती संकेतबिंदू मोजते. स्पोल्स्की यांच्या निबंधाशी सर्वांत जवळचे उत्तर हेच. पण या सातांत एक मात्रा आणि एक हसंत आहे. त्यांना कोणी बंगाली मूल अक्षर म्हणणार नाही.

स्विफ्ट दृश्य अक्षरे मोजते. यूनिकोडमध्ये त्यांना ग्राफीम क्लस्टर म्हणतात. बंगाली मूल स, त्य, जि आणि खंड त अशी चार मोजील. मात्र २०२३ पर्यंत यूनिकोडचा नियम ‘त्य’ला दोन समजत असे आणि उत्तर पाच यावयाचे. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरी, बंगाली, गुजराती इत्यादी लिप्यांतील जोडाक्षरे एक धरण्याचा नियम आला, आणि त्या नियमाने उत्तर चार झाले. ‘क्ष’ हे एक अक्षर आहे की दोन, हे मानकाने निबंधानंतर वीस वर्षांनी बदलले. ‘ठरून गेले आहे’ या विधानाचे याहून स्पष्ट खंडन दुसरे नसेल.

शब्द ओळखण्यातही अशीच मते दडलेली असतात. पायथनच्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशन संचात ‘शब्दाचा भाग’ ओळखणारा एक वर्ग आहे. त्याच्या दृष्टीने मात्रा आणि पायमोड शब्दाचा भाग नाहीत. म्हणून ‘मराठी’ या शब्दाचे तो ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे करतो. मराठी मजकुरातील शब्दसंख्या मोजण्याचा प्रकल्प हाती घेतलेल्या विद्यार्थ्याची सगळी आकडेवारी यामुळे चुकेल; आणि प्रोग्राम मात्र एकही तक्रार न करता चालेल.

आता तुलना करू. ‘रे’ या आडनावात टिंबवाला य एका संकेतबिंदूने लिहिला, आणि दुसऱ्या जागी दोन संकेतबिंदूंनी लिहिला. स्विफ्ट ही दोन्ही रूपे समान मानते. जावास्क्रिप्ट आणि पायथन भिन्न मानतात. आधी एकरूपीकरण करून घ्यावे लागते. पण ‘सत्यजित्’मधला खंड त २००५ पूर्वीच्या तीन तुकड्यांच्या पद्धतीने आणि नव्या क्रमांकाने लिहिला, तर कोणतीही भाषा त्यांना समान मानत नाही, एकरूपीकरणानेही नाही. मानकाने या दोन रूपांत समतेचे नाते जोडलेलेच नाही. जुन्या दस्तऐवजांत शोध घ्यायचा तर तो नियम आपल्यालाच लिहावा लागतो. निर्णय उशिरा झाला की त्याची किंमत अशी मागाहून मोजावी लागते.

७. आपल्या मराठीचे काय?

हा केवळ बंगालीचा प्रश्न आहे असे समजू नये. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक तर जेवणावळीत पाने मांडली की लगेच कळतो. दुसऱ्या शब्दांतला अर्धा र यूनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने किंवा साध्या र-नंतर पायमोड आणि तेच अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही पडद्यावर सारखी दिसतात, संगणकाला मात्र वेगळी. जोडचिन्ह गळाले की दऱ्यांचा दर्या होतो.

‘ॲ’ हे अक्षर यूनिकोडमध्ये आले एप्रिल २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेसंबंधीचा निर्णय काढला ६ नोव्हेंबर २००९ रोजी. त्याआधी लोक ‘अ’वर अर्धचंद्र देऊन काम चालवत. ते जुने रूप आणि नवे अक्षर यांतही समतेचे नाते नाही.

मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची गोष्ट याच्या उलट. त्यांचे आकार हिंदीहून वेगळे असले तरी क्रमांक तेच. फरक दाखवायचा तर वेबपानावर ‘ही भाषा मराठी आहे’ अशी खूण करावी लागते आणि टंकातही तशी सोय असावी लागते. इथे यूनिकोडने स्पोल्स्की म्हणतात तसेच केले : आकार वेगळा, अक्षर एक. पण जबाबदारी नाहीशी झाली नाही. ती पान लिहिणाऱ्याकडे आली. म्हणून ‘काळजी करू नका’ हा सल्ला मराठी पान लिहिणाऱ्याला परवडत नाही.

८. खुले मानक : कोणाला खुले?

स्पोल्स्की यांच्यावर टीका करताना दुसऱ्या टोकाला जाऊ नये. यूनिकोड ही परक्यांनी लादलेली गोष्ट आहे, असे काही वेळा बोलले जाते. खंड तला घर न मिळण्याचे एक कारण आपल्याच तक्त्यात होते, हे आपण पाहिले. शिवाय ही चूक दुरुस्त झाली ती मानक खुले असल्यामुळेच. यूनिकोडकडे प्रस्ताव कोणीही पाठवू शकते, जाहीर मसुद्यांवर मत देऊ शकते. खासगी टंकांच्या काळात अशी दाद मागायला जागाच नव्हती.

पण खुलेपणालाही पायऱ्या असतात. वाचायला सर्वांना खुले, सूचना करायला सर्वांना खुले. अंतिम मतदानाचा अधिकार मात्र शुल्क भरणाऱ्या सभासद संस्थांना. त्यातच स्थैर्याचा नियम असा की एकदा दिलेला क्रमांक काढता येत नाही. हा नियम आवश्यक आहे. नाहीतर कालचा मजकूर आज वाचता येणार नाही. परंतु त्यामुळे उशिरा येणाऱ्याला आधीच्या निर्णयांभोवतीच वाट काढावी लागते. खुल्या दारातून आत कोण, कधी आणि कोणती तयारी करून गेले, यावर त्या भाषेचे पुढचे दिवस ठरतात. बंगालीसाठी लोक गेले, म्हणून २००५ घडले.

९. समारोप

स्पोल्स्की यांचा निबंध संकेतप्रणालीविषयी बरोबर आहे आणि अक्षराविषयी घाईचा आहे. ही घाई समजण्यासारखी आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याला अक्षर, संकेतबिंदू आणि पडद्यावरचे चिन्ह ही तीन एकच वाटतात, कारण त्याच्या रोजच्या मजकुरात ती बहुधा एकच असतात. भारतीय लिपीत ती पहिल्याच शब्दाला वेगळी होतात. म्हणून आपल्या विद्यार्थ्याने तो निबंध वाचावा, त्यातील तंबी मनावर घ्यावी, आणि ‘काळजी करू नका’ या वाक्याशी थांबावे. प्रोग्राममध्ये ‘लांबी’ हा शब्द लिहिताना स्वतःला विचारावे : मी काय मोजतो आहे, बाइट, संकेतबिंदू, की वाचकाला दिसणारे अक्षर? नाव नोंदवून घेणाऱ्या अर्जात या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर एखाद्याचे नाव शेवटच्या अक्षरावर तुटते.

स्वाध्याय

१. स्वतःचे नाव देवनागरीत लिहून त्याचे बाइट, संकेतबिंदू आणि दृश्य अक्षरे किती, ते आधी हाताने मोजा. मग कोणत्याही दोन प्रोग्रामिंग भाषांत तपासा.

२. ‘दऱ्या’ हा शब्द दोन्ही प्रकारे टाइप करून एका दस्तऐवजात शोधा. काय आढळते? का?

३. विद्यासागर आणि यूनिकोड यांचे निर्णय परस्परविरोधी असूनही दोन्ही समर्थनीय आहेत, या मताची चर्चा करा.

४. ‘प्रोग्रामिंग भाषेचे वैशिष्ट्य म्हणजे रचनाकाराचे मत.’ मजकुराच्या लांबीखेरीज दुसरे उदाहरण घेऊन स्पष्ट करा.